अंदमानात एकच मोकळा दिवस असेल तर जॉली बॉयला जावे की नॉर्थ बेला? पैसे कुठे वसूल होतील?

आपण विचारले आहे की पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे आताच्या श्री विजय पुरममध्ये, एक दिवस मोकळा आहे, सोबत सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी आहे, कोणालाच पोहता येत नाही, तर जॉली बॉय आणि नॉर्थ बे यांपैकी कुठे गेल्यास पैसे वसूल होतील. कुठे जावे याचे उत्तर सरळ आहे. जॉली बॉय त्या दिवशी पर्यटकांसाठी खुले असेल, तर तिथेच जा. पैसे वसूल होण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण याच हिशेबावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

नॉर्थ बे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. वीस रुपयांच्या जुन्या नोटेच्या मागे जे नारळीचे रान आणि दीपगृह दिसते, तो त्याच किनाऱ्याचा देखावा आहे. शहराच्या अगदी समोर असल्यामुळे होडीने लवकर पोहोचता येते, आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालण्यापासून जेट स्कीपर्यंत सगळे खेळ एकाच जागी मिळतात. ज्यांना दिवसभर काही ना काही करायचे असते, त्यांनी तिथे जरूर जावे. पण आपल्या प्रश्नात मासे, प्रवाळ आणि पक्षी पाहायचे आहेत असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते पाहायला शांतता लागते, आणि जिथे सतत इंजिने चालतात तिथे ती मिळत नाही.

जॉली बॉय हे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील एक लहानसे, निर्मनुष्य बेट आहे. उद्यानाचे क्षेत्र २८१.५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात समुद्राबरोबरच बेटे, खाड्या आणि खारफुटीची जंगलेही येतात. आम्ही तिथे गेलो तेव्हा मी, माझी पत्नी, माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, असे चौघे होतो. सहलीची सगळी आखणी दाजींनी केली होती आणि ती चोख होती, हे मी आजही मान्य करतो.

जॉली बॉयची बोट जिथून सुटते, त्या वंडूरच्या धक्क्यावरच पहिली ठिणगी पडली. तिथे वनखात्याचे कर्मचारी प्रत्येकाची पिशवी उघडून पाहतात, प्लास्टिकच्या पिशव्या आणि खाऊची वेष्टने ठेवून घेतात, पाण्याच्या बाटल्यांची नोंद करून अनामत रक्कम घेतात आणि परतताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्यावर ती परत करतात. दाजींना हा अपमान वाटला. ‘‘एवढे पैसे भरून आलो आहोत आणि हे आम्हाला चोरासारखे तपासतात,’’ असे ते मोठ्याने म्हणाले. माझ्या मते भारतातील प्रत्येक किनाऱ्यावर अशीच तपासणी हवी. निर्मनुष्य बेटावर झाडलोट करायला कोणी नसते. तिथे पडलेली पिशवी वाऱ्याने पाण्यात जाते आणि समुद्री कासवाला ती जेलीफिशसारखी दिसते.

बोट खाडीतून निघाली की दोन्ही बाजूंना खारफुटी लागते आणि ओहोटी असेल तर तिची मुळे चिखलातून वर आलेली स्पष्ट दिसतात. हा तासाभराचा प्रवास म्हणजे निव्वळ वाहतूक आहे असे समजून लोक मोबाईलमध्ये डोके घालून बसतात. ते चूक आहे, कारण वन्यजीव पाहण्याची खरी संधी इथेच असते. वाळलेल्या फांद्यांच्या टोकावर नजर ठेवा. आम्हाला अशाच एका फांदीवर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसला. बोट जवळ गेली तरी तो हलला नाही, फक्त मान वळवून आमच्याकडे पाहत राहिला. या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातील मगरी राहतात, त्यामुळे हात पाण्यात घालू नयेत, आणि वंडूरच्या किनाऱ्यावरील सूचनाफलक गांभीर्याने घ्यावेत. डॉल्फिन दिसले तर तो योग समजावा. ते नक्की दाखवतो असे सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, हा या द्वीपसमूहाचा राज्यप्राणी असला, तरी एका दिवसाच्या पाहुण्याला तो दिसेल अशी आशा मुलीला दाखवू नका.

बेटाजवळ मोठी बोट काठाला लागत नाही. तिथून प्रवाशांना काचेच्या तळाच्या लहान होड्यांमध्ये उतरवतात, आणि काठाकडे जातानाच खालचे प्रवाळ थोडेसे पाहायला मिळतात. जास्त वेळ पाहायचे असेल, तर वेगळे पैसे देऊन फेरी घेता येते. सासूबाईंसाठी ही फेरी अवश्य घ्या. त्यांचे कपडेही भिजणार नाहीत आणि समुद्र दिसायचा राहणार नाही.

त्यानंतर आम्ही नळी आणि मास्क लावून पाण्यात उतरलो. ताईला पोहता येत नाही, लहानपणी विहिरीत पडल्यापासून तिला पाण्याची भीतीही आहे. तिने लाइफ जॅकेट घातले, रबरी रिंग दोन्ही हातांनी धरली, चेहरा पाण्यात टाकला आणि ती तशीच तरंगत राहिली. तिच्या खाली एक पोपटमासा खडकावरचे शेवाळ खात होता. त्याचे दात जुळून चोचीसारखे झालेले असतात आणि त्या चोचीने तो खडक खरवडतो, तेव्हाचा करकर आवाज पाण्याखाली अगदी स्पष्ट ऐकू येतो. थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या भुकटीचा ढग बाहेर पडला. पोटात दळला गेलेला खडक तो वाळू करून टाकतो, आणि अशा किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग याच कामातून आलेला असतो. ताईने हे सगळे एका जागी राहून पाहिले. पुढे एका महाकाय शिंपल्यावर तिची सावली पडली, तेव्हा त्याचे निळे-हिरवे मांसल ओठ एकदम आत ओढले गेले. ती रिंगसकट थोडी बाजूला झाली आणि वाट पाहत राहिली. ते ओठ पुन्हा हळूहळू उघडताना तिला दिसले.

दाजींचे तसे झाले नाही. त्यांना भरघोस मिशा आहेत, त्यामुळे मास्कची रबरी कड ओठावर नीट बसत नव्हती आणि पाणी आत येत होते. असे झाल्यास मिशीवर थोडे व्हॅसलिन लावावे किंवा होडीवाल्याकडून दुसरा मास्क मागून घ्यावा. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो आपल्या मापाचा समजावा. दाजींनी यांपैकी काहीच केले नाही. पाणी आत आले की ते खाली उभे राहायचे, आणि खाली प्रवाळ होते. मी ओरडलो, तेव्हा आमच्यासोबतचा होडीवालाच म्हणाला, ‘‘खडे रहो साहब, पत्थर ही तो है।’’

तो दगड नव्हता. दाजी ज्या गोल घुमटावर उभे होते, त्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर लाखो लहान जीवांची पातळ, जिवंत कातडी होती. असे घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचा घुमट माझ्या आणि दाजींच्या वयाचा सहज असू शकतो. शेजारी फांद्यांसारखे प्रवाळ होते. ते वेगाने वाढत असले तरी काचेसारखे मोडतात, आणि मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी होडीवाल्याला आणि दाजींना सर्वांसमोर बोललो. ते दाजींना लागले, आणि ते लागावे अशीच माझी इच्छा होती.

परतीच्या वेळी त्यांच्या पिशवीत प्रवाळाचा एक पांढरा तुकडा निघाला. ‘‘मेलेलाच आहे, किनाऱ्यावर पडला होता, आठवण म्हणून घेतला,’’ असे त्यांचे म्हणणे होते. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. शिवाय मेलेल्या तुकड्यांवरच नवे प्रवाळ रुजतात आणि त्यांचीच झीज होऊन बेटाची वाळू बनते. मी हे सांगत असतानाच ताईने तो तुकडा त्यांच्या पिशवीतून काढला, पाण्याच्या कडेला नेऊन ठेवला आणि एक शब्दही न बोलता होडीत येऊन बसली.

तेव्हापासून घरी सगळे एकत्र जमले की हा विषय निघतोच. दाजींचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. ते म्हणतात की २००४ च्या सुनामीने प्रवाळांची मोडतोड केली, २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानातील प्रवाळ पांढरे पडले, एवढ्या मोठ्या संकटांपुढे एका माणसाच्या पायाने असे काय बिघडणार होते? यातील दोन्ही घटना खऱ्या आहेत. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारे, त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाणी वेळेत निवले तर त्यातले काही सावरतात, बाकीचे मरतात. मेलेल्यांच्या जागी जे नवे येतात, ते सुरुवातीची काही वर्षे बोटाच्या पेरापेक्षा मोठे नसतात, आणि पायाखाली चिरडले जातात ते नेमके तेच. शिवाय एका माणसाचा पाय हा हिशेबच चुकीचा आहे, कारण त्याच उथळ जागेत रोज होड्या भरून माणसे उतरतात. म्हणूनच तर साधारण नोव्हेंबर ते मे या काळात जॉली बॉय खुले ठेवतात आणि एरवी ते बंद करून रेड स्किन बेट उघडतात, जेणेकरून दोन्हींकडच्या प्रवाळांना आळीपाळीने विश्रांती मिळावी. दाजींना या मुद्द्याचे उत्तर अजून देता आलेले नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप असा, की एवढा प्रवास करून बेटावर जेमतेम काही तास मिळाले, खायला मिळाले नाही, खेळ नव्हते, म्हणजे पैसे वाया गेले. त्यांचे पैसे वाया गेले हे मलाही मान्य आहे, कारण त्यांनी जे पाहायला पैसे भरले होते त्यावर ते उभे राहिले. ताईने तेवढेच पैसे भरले होते. पोहता येत असूनही दाजी जिथे जातील तिथून मासे पळत होते, आणि पोहता न येणाऱ्या ताईच्या भोवती ते जमत होते. तेव्हा आपल्याला पोहता येत नाही याची चिंता करू नका. रिंग धरून पाय न मारता तरंगणाऱ्या माणसाला पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे माझे ठाम मत आहे. मुलीला आदल्या दिवशी बादलीत चेहरा बुडवून तोंडाने सावकाश श्वास घ्यायची सवय करून द्या. होडीवाला मासे जमवण्यासाठी पाव किंवा बिस्किटे टाकू लागला, तर त्याला थांबवा. शेवाळ खाऊन प्रवाळांना जागा मोकळी करून देणारे मासे पावाच्या मागे लागले, की शेवाळ माजते. आणि पाण्यात उतरण्याआधीच त्याला विचारा की दमल्यावर कुठे थांबायचे. त्याने वाळू दाखवली तर जा, प्रवाळ दाखवले तर दुसरा माणूस मागा.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर मी आधी लिहायला हव्या होत्या. उद्यान सोमवारी बंद असते. वनखात्याचा परवाना आधीच काढावा लागतो आणि ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. बेटावर खाण्याची सोय नाही, म्हणून डबा स्टीलचा घ्या. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पाण्यात उतरा, कारण काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन प्रवाळांना अपायकारक असते. बोट लागत असेल तर ॲव्होमिनची गोळी निघण्याआधी घ्यावी, पण सासूबाईंना रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच. दमा किंवा हृदयविकार असलेल्याने नळी लावून पाण्यात उतरू नये. ओहोटी पूर्ण असताना पाणी इतके उथळ होते की तरंगतानाही गुडघे प्रवाळांना घासतात, म्हणून उतरण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्या.

आणि सासूबाईंचे गुडघे फार दुखत असतील, तर मी वर दिलेला सल्ला बदलावा लागेल. मोठ्या बोटीतून हलत्या लहान होडीत उतरणे आणि परत चढणे, हा या सहलीतील सर्वांत अवघड भाग आहे, आणि होडीवाल्यांनी हात दिला तरी पाय आपल्यालाच उचलावा लागतो. तेवढे जमणार नसेल, तर त्यांच्यापाशी घरातील एकाने शहरात थांबावे आणि दुसऱ्याने मुलीला जॉली बॉयला न्यावे. तरीही सगळ्यांनी एकत्रच जायचे असे ठरले, तर नॉर्थ बेला जा. तिथेही प्रवाळ आहेत, आणि तिथेही त्यांच्यावर उभे राहायचे नाही.