खुब्याच्या ऑपरेशनआधी दोन पिशव्या रक्ताची तयारी कशासाठी?

आपल्या आजी शेवाळलेल्या खळ्यात घसरून पडल्या, मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले आणि हिमोग्लोबिन १०.४ असूनही डॉक्टरांनी दोन पिशव्या रक्ताची तयारी करायला सांगितली. ती कशासाठी, असे आपण विचारले आहे. कोकणातील रक्तपेढीत मी बरीच वर्षे तंत्रज्ञ होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मांडीच्या स्नायूंत झिरपलेले रक्त बाहेर दिसत नाही. हाड मधोमध मोडले तर एक ते दीड लिटर रक्त आतल्या आत साठू शकते, आणि खुब्याजवळच्या मोडीतही ते बरेच जाते. पहिल्या तासांत हिमोग्लोबिनचा आकडा हे सांगत नाही. सलाईन चढल्यावर तो उतरतो. म्हणून १०.४ वर विसंबून राहू नये. मात्र तयारी केली म्हणजे रक्त चढवलेच पाहिजे असे नाही. खुब्याच्या ऑपरेशनच्या दोन हजारांवर रुग्णांचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हिमोग्लोबिन १० च्या वर राखण्याचा, ८ च्या खाली गेल्यावर किंवा त्रास जाणवल्यावरच रक्त देण्यापेक्षा, अधिक फायदा आढळला नाही.

रक्तपेढी त्याच इमारतीत असेल तर ग्रुप आणि अँटीबॉडी (परक्या रक्तपेशींवर हल्ला करणारी रक्तातील प्रथिने) तपासून ठेवणे बहुधा पुरते. आपल्याकडे तालुक्याच्या रुग्णालयापासून रक्तपेढी दीड तासावर, त्यात पावसाळा; क्रॉसमॅचलाच, म्हणजे पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का हे तपासायलाच, पाऊण-एक तास लागतो. अशा ठिकाणी पिशव्या आधीच राखून ठेवण्याचा डॉक्टरांचा आग्रह मला योग्य वाटतो.

आजींची बाळंतपणे किती झाली आणि पूर्वी कधी रक्त चढवले होते का, हे रक्तपेढीला आवर्जून सांगा, कारण त्यातूनच शरीरात परक्या रक्तपेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात. १९५२ मध्ये मुंबईत प्रथम नोंदलेला बॉम्बे ग्रुप हा दुर्मिळ रक्तगटही वरवरच्या तपासणीत ‘ओ’ असाच दिसतो, पण त्या रुग्णाला ‘ओ’ रक्त चालत नाही. क्रॉसमॅच टाळू नये ते यासाठीही.

एकदा शेजारशेजारच्या खाटांवरील, एकाच आडनावाच्या दोन आजींच्या रक्तनमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती. नळ्या आधी भरल्या आणि चिठ्ठ्या नंतर टेबलावर बसून चिकटवल्या, एवढीच चूक. जुन्या नोंदीतला ग्रुप जुळेना म्हणून ती आमच्या लक्षात आली. म्हणून रक्ताचा नमुना घेताना खाटेजवळ उभे राहा आणि पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक नळीवर तिथेच लिहिला जातो आहे हे स्वतः पाहा.

पिशवी आणायला जाताना रक्तपेढीने दिलेली थंड पेटीच वापरा आणि ती आणल्याबरोबर परिचारिकेच्या हाती द्या. थंडाव्याबाहेर अर्धा तास राहिलेली पिशवी परत साठवता येत नाही, आणि चढवायला घेतली की चार तासांत संपवावी लागते.