फोंटान: लॅटरल टनेल करावं की एक्स्ट्राकार्डियक?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, ट्रायकस्पिड अट्रेसिया आहे (हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप तयारच झालेली नाही, म्हणून पंप करणारा कामाचा कप्पा एकच), ग्लेनचं ऑपरेशन झालंय. आता पुढच्या, फोंटानच्या ऑपरेशनसाठी एक सर्जन लॅटरल टनेल सुचवतात, दुसरे एक्स्ट्राकार्डियक कंड्यूट. यातलं चांगलं कुठलं?

मी डॉक्टर नाही. माझ्या लेकीला हाच आजार आहे, तिच्या फोंटानला सहा वर्षं झाली. ऑपरेशनआधी याच प्रश्नाने माझीही झोप उडाली होती, म्हणून लिहिते.

दोन्हींचं काम एकच. ग्लेनमध्ये डोक्या-हातांकडचं अशुद्ध रक्त थेट फुप्फुसाकडे वळवलेलं असतं; फोंटानमध्ये पोटा-पायांकडचंही वळवतात. मग पंप करणारा एकुलता एक कप्पा फक्त शरीराला रक्त पुरवतो आणि फुप्फुसात रक्त निव्वळ शिरांमधल्या दाबावर जातं. फ्रान्सिस फोंटान यांनी १९६८ मध्ये ट्रायकस्पिड अट्रेसियासाठीच हे पहिल्यांदा केलं. तेव्हा उजवी कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा उजवा कप्पा, रक्ताच्या वाटेतच ठेवायचे. ती वर्षानुवर्षं फुगत जायची आणि ठोके बिघडायचे. आजच्या दोन्ही पद्धती त्यावर उपाय म्हणून आल्या.

लॅटरल टनेलमध्ये कर्णिकेच्या आत पडदा शिवून बोगदा करतात. बोगद्याची एक बाजू मुलाच्या स्वतःच्या हृदयाची असते, त्यामुळे तो मुलाबरोबर वाढतो. पण कर्णिकेत लांबलचक टाके पडतात आणि पुढे ठोक्यांचा त्रास होईल ही काळजी राहते. एक्स्ट्राकार्डियकमध्ये गोरटेक्स या कृत्रिम पदार्थाची नळी (कंड्यूट) हृदयाच्या बाहेरून नेतात. कर्णिकेला फारसा हात लागत नाही, काही मुलांत तर हृदय थांबवावंही लागत नाही. नळी मात्र वाढत नाही. म्हणून मोठेपणीही पुरेल अशी, साधारण १८ ते २० मिलीमीटरची, मावेल इतकं मूल मोठं होईपर्यंत थांबतात.

मुलं किती जगतात यात दोन्ही पद्धतींत मोठा फरक दिसलेला नाही. म्हणून मी आमच्या सर्जनना एवढंच विचारलं, "तुम्ही नेहमी कुठलं करता?" ते एक्स्ट्राकार्डियक म्हणाले, आम्ही तेच केलं. सरावाच्या हाताला सवय नसलेली पद्धत करायला लावू नये, असं मला आजही वाटतं.

तुमच्या जागी मी असते तर वेळ कॅथच्या, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी घालून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवर घालवला असता. फुप्फुस धमनीतला दाब किती, तिच्या फांद्या कुठे अरुंद आहेत का, झडप गळते का, कप्पा नीट आकुंचन पावतो का, हे एकेक करून विचारा. फोंटान पेलेल की नाही ते यावर ठरतं.

फेनेस्ट्रेशन ठेवणार का, तेही विचारा. हे नळीला किंवा पडद्याला मुद्दाम ठेवलेलं, साधारण ४ मिलीमीटरचं छिद्र. दाब चढला तर थोडं रक्त त्यातून हृदयात येतं. रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन जरा कमी राहतं, पण शरीराला रक्त पुरतं. लेकीला ते ठेवलं होतं, तरी छातीत पाणी साचत राहिलं आणि ते काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, अकरा दिवस राहिल्या. फोंटाननंतर असं बऱ्याच मुलांना होतं. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, रोज ते पाणी जमणाऱ्या बाटलीवरचा आकडा बघून माझा जीव जायचा. तुम्ही तयारीने जा.

शिरांमधला दाब कायम जास्त राहत असल्याने यकृतावर ताण येतो, कुठलीही पद्धत केली तरी. यकृताची तपासणी कोण करणार, कधीपासून आणि किती दिवसांनी, हे ऑपरेशनआधीच लिहून घ्या. आम्हाला ते चौथ्या वर्षी कळलं.