आधी सॅम्पल, मग कॉन्फोकल

प्रश्न : मी टीवायबीएस्सी बायोटेक्नॉलॉजीला आहे. ऑर्गनॉइडवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, अवयवासारख्या इवल्या पेशीगोळ्यांवर) कॉन्फोकल मायक्रोस्कोपीने (लेसरने थराथराने इमेज घेण्याच्या तंत्राने) संशोधन करायचं आहे, पण कॉलेजात साधाच मायक्रोस्कोप आहे. एका खासगी क्लासचा चाळीस हजारांचा मायक्रोस्कोपी कोर्स करू का?

उत्तर : नको. यंत्र चालवायला संशोधन संस्थेत काही दिवसांत शिकवतात. काम बिघडतं ते त्याआधी, सॅम्पल तयार करताना.

2009 मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून ऑर्गनॉइड वाढवले. ते मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलच्या थेंबात वाढतात. मॅट्रिजेल 4 अंशांना पातळ असतं, 37 ला घट्ट होतं. म्हणून पिपेटच्या टिपाही थंड करून घ्यायच्या, नाहीतर ते टिपमध्येच बसतं. पुढची अडचण अँटिबॉडीची, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते चमकतं दाखवणाऱ्या रेणूची. काचेवरच्या पेशींना तासाभरात लागणारी अँटिबॉडी ऑर्गनॉइडच्या गाभ्यात पोचायला एक-दोन दिवस घेते. घाई केली की कडा चमकते, मधला भाग काळा राहतो आणि नवखा माणूस ‘आत प्रथिनच नाही’ म्हणून मोकळा होतो! लेन्सही तशीच फसवते. 60एक्स (60 पट मोठं दाखवणाऱ्या), 1.4 एनएच्या (एनए म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता) ऑइल लेन्सचं वर्किंग डिस्टन्स, म्हणजे ती जिथवर स्पष्ट पाहू शकते ते अंतर, साधारण 0.13 मिलिमीटर (130 मायक्रॉन), 300 मायक्रॉनच्या ऑर्गनॉइडचा मध्य तिच्या टप्प्यातच येत नाही. शिवाय प्रकाश आत विखुरतो, म्हणून क्लिअरिंग करतात (सॅम्पल रसायनांनी पारदर्शक करतात) किंवा लाइट-शीट (बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा टाकणारा मायक्रोस्कोप) वापरतात. जिवंत ऑर्गनॉइडवर लेसर जास्त ठेवला तर पेशी मरतात, आणि आपण मरणाचाच अभ्यास करत बसतो.

यातलं इमेज मोजण्याचं काम तुला आज घरी शिकता येईल. फिजी हे इमेज मोजण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या खुल्या संग्रहातल्या इमेज घे, केंद्रकं मोज, मग तेच पायथॉनमध्ये कर. चिकटलेली दोन केंद्रकं एकच मोजली जातात. ती वेगळी कशी करायची, इथेच खरं शिक्षण होतं.

एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा दे. पुढे पीएचडीसाठी नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. एमएस्सीचं डेझर्टेशन (संशोधन प्रकल्प) शक्यतो पुण्याची पेशीविज्ञान संस्था एनसीसीएस, आयसर पुणे किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी कर. त्यासाठी प्राध्यापकांना मेल करताना ‘मला मायक्रोस्कोपीची आवड आहे’ एवढंच लिहू नकोस. तू मोजलेली एक इमेज जोड, स्केल बारसकट (आकार दाखवणाऱ्या मोजपट्टीसकट), आणि मोजणी कुठे चुकली तेही दोन ओळींत लिही.