अंगातली उष्णता जाते कुठे? वाचकांचे प्रश्न

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे उन्हाबद्दलची आहेत. पुण्यात पारा चाळिशीकडे सरकू लागला की घरातली आणि दारातली जनावरे निराळी वागू लागतात, आणि ते पाहून वाचकांना काळजी वाटते. एकेका प्रश्नाकडे वळण्यापूर्वी सर्वांना लागू पडणारी एक गोष्ट सांगतो. कुत्रा, गाय, खार यांची शरीरे साधारण ३७ ते ३९ अंश सेल्सिअस या पट्ट्यात चालतात. पक्ष्यांचे तापमान त्याहून दोन-तीन अंशांनी अधिक असते. हवा अंगापेक्षा थंड असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर पडत राहते. हवा अंगाइतकी तापली की तो मार्ग बंद होतो, आणि मग थंड पृष्ठभागाला अंग लावणे किंवा अंगावरचे पाणी वाफ करून उडवणे, एवढेच उपाय उरतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. ही वाफ नेमकी कोठून उडवायची याची सोय प्रत्येक प्राण्यात वेगळी आहे, आणि खालच्या प्रश्नांतील वागणूक बहुतांशी तिच्यातून उलगडते.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर कुत्री दुपारी पंख्याखाली बसूनही सतत धापते. शेजारच्या पगला तर संध्याकाळी फिरवून आणल्यावर घरघर लागते. धाप नेहमीची कोणती आणि घाबरण्यासारखी कोणती? उन्हाळ्यात अंगावरचे केस काढून टाकावेत का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : कुत्र्याला पंज्यांच्या गाद्यांवर घाम येतो, पण सगळे अंग निववण्यास तो अगदी अपुरा असतो. त्यामुळे पंख्याचा वारा आपल्याला जितका गार लागतो तितका कुत्र्याला लागत नाही. वारा उडवून नेईल असा घामच त्याच्या कातडीवर नसतो. त्याचे काम नाक, तोंड आणि जीभ करतात. आपल्या कुत्रीचे धापणे जवळून पाहावे. छाती खोलवर भरत नाही. श्वास उथळ आणि अतिशय जलद असतो. स्वस्थ असताना मिनिटाला पंधरा ते तीस श्वास घेणारा कुत्रा धापताना तीनशेच्या आसपासही जातो. हा वेग छातीच्या पिंजऱ्याच्या नैसर्गिक लवचीकपणाशी जुळणारा असल्यामुळे स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. तसे नसते तर धापण्यानेच अंग आणखी तापले असते. हवा मुख्यतः नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर जाते. नाकाच्या आतील पातळ हाडांच्या गुंडाळ्यांवर ओलसर त्वचेचे अस्तर असते, त्यावरून हवा जाताना पाणी उडते आणि तिथले रक्त गार होते. जीभ लांब आणि रुंद होऊन बाहेर लोंबते, तीही त्याचसाठी.

पगची अडचण याच ठिकाणी आहे. तोंड चपटे करण्याच्या हव्यासापायी माणसाने त्याचे नाक आखूड करून ठेवले. त्याबरोबर ओलसर अस्तराची जागा घटली आणि हवेची वाट अरुंद झाली. अशा कुत्र्याला श्वास घेण्यासाठीच जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे निववण्याच्या खटपटीतही उष्णता निर्माण होते. आपल्या हवेत ही जात पाळताना हे विसरून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विश्रांती घेतल्यावर, सावलीत, पाणी प्यायल्यानंतर हळूहळू ओसरणारी धाप नेहमीची समजावी. हिरड्या गडद लाल होणे, लाळ चिकट व दाट होणे, झोकांड्या जाणे, उलटी होणे, हाक मारली तरी लक्ष नसणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते. ४१ च्या वर गेले की जिवाला धोका असतो. अशा वेळी आधी निववावे आणि मग दवाखान्यात न्यावे. नळाचे पाणी केसांच्या मुळापर्यंत जाईल असे ओतावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल लपेटून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो तापतो आणि आतली वाफ अडवून धरतो. पुण्याचा एप्रिल कोरडा असल्याने धापण्याचा उपयोग चांगला होतो. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर हवा दमट होते तेव्हा पारा खाली असूनही कुत्र्याला जास्त त्रास होतो, याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. संध्याकाळी ऊन उतरले तरी डांबर निवलेले नसते. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून ठेवता आली नाही, तर कुत्र्यालाही त्यावरून चालवू नये. केस मात्र मुळापासून काढू नयेत. लॅब्रॅडॉरची दुपदरी लव उन्हाची झळ अडवते. नियमित विंचरून गळके केस काढणे पुरेसे आहे.

प्रश्न : दुपारी आमच्या गॅलरीसमोरच्या तारेवर कावळा चोच उघडी टाकून तासभर बसतो. तो तहानलेला असतो की आजारी? (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. कावळा चोच उघडून धापतो आणि तोंड, घसा व श्वासमार्ग यांच्या ओल्या अस्तरावरून पाणी उडवतो. त्याच तारेवर पारवा बसला तर त्याच्या गळ्याची कातडी थरथरताना दिसेल, कारण पारवे गळ्याचा पातळ पडदा हलवूनही हेच काम करतात. कावळा पंख अंगापासून किंचित दूर धरतो, त्यामुळे पंखांखालच्या विरळ पिसांच्या भागाला हवा लागते. पिसे विस्कटलेली असतील, डोळे मिटत असतील आणि माणूस जवळ गेला तरी पक्षी उडत नसेल, तरच आजार समजावा. गॅलरीत पाणी ठेवावयाचे तर मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दोन बोटे खोल ठेवावे आणि रोज घासून बदलावे.

प्रश्न : खार पोर्चच्या फरशीवर चारी पाय पसरून पालथी पडते. तिला काही झाले आहे का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : नाही. पोटाकडची लव विरळ असते आणि सावलीतली फरशी अंगापेक्षा थंड असते. खार पोट टेकवून अंगातली उष्णता फरशीला देते आणि ती जागा गरम झाली की थोडी सरकते. तिला उठवू नये.

प्रश्न : माझ्याकडे दोन म्हशी आणि एक एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय आहे. पूर्वी म्हशी कालव्यावर नेत असू, आता ते शक्य होत नाही. म्हैस पाण्यातून निघत नाही आणि गाय पाण्यात शिरत नाही, असे का? शिवाय उन्हाळ्यात गायीचे दूध उतरते आणि म्हशींचा माज (फळण्याची वेळ) कळत नाही. (एक पशुपालक, मांजरी)

उत्तर : आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत, आणि तिन्हींचे मूळ एकच आहे.

म्हशीची कातडी काळी, केस अगदी विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने फारच थोड्या. म्हणजे ऊन ती भरपूर शोषते, पण घामावाटे उष्णता काढून टाकण्याची तिची ताकद कमी पडते. पाण्यात मात्र हीच कातडी उपयोगी पडते. स्थिर पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेते आणि मध्ये केसांचा थर नसल्याने कातडीखालचे रक्त पटकन निवते. चिखलात लोळली तर अंगावरचा थर सावकाश वाळत राहतो, तोवर वाफेचा गारवा मिळतो आणि गोचीड-माशांपासूनही बचाव होतो. डुंबणे ही म्हशीच्या शरीराची गरज आहे. तिला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

गायीला घाम येतो. आपल्या खिल्लारसारख्या देशी गायीची कातडी सैल, गळ्याची पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी) मोठी, रंग उजळ आणि केस आखूड, त्यामुळे तिला पाण्यात शिरण्याचे कारण पडत नाही. आपली संकरित गाय या दोहोंच्या मधोमध सापडली आहे. तिचे होल्स्टिन रक्त युरोपातील थंड प्रदेशातले आहे, आणि जास्त दूध देणाऱ्या शरीरात उष्णताही जास्त निर्माण होते.

त्यात कोटीपोटाची, म्हणजे जठराच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची, भर पडते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव कडबा-वैरण आंबवत असतात आणि आंबवण्यातून सतत उष्णता निघते. खाल्ल्यानंतर काही तासांनी ती सर्वांत जास्त असते. सकाळी नऊ-दहाला गव्हाण भरली तर पोटातली भट्टी आणि डोक्यावरचे ऊन एकाच वेळी पेटतात. गाय यावर शहाणपणाचा तोडगा काढते, ती खाणे कमी करते. दूध उतरण्याचे हे मोठे कारण आहे. शिवाय गाय तोंड उघडून धापू लागली की लाळ गळून वाया जाते. एरवी दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ पोटात जाऊन तिच्यातील क्षार तिथली आम्लता आटोक्यात ठेवतात. तो पुरवठा तुटला की पचन आणखी बिघडते.

म्हणून वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्यावा. पाणी सावलीत, सतत समोर असावे. मोठ्या दुभत्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटरही लागू शकते. म्हशींना कालवा नसला तरी दुपारी दोन-तीन वेळा पाइपने कातडी भिजेल इतके पाणी मारून लगेच पंखा लावावा. पाणी आणि वारा दोन्ही लागतात. बंद गोठ्यात नुसते तुषार उडवले तर हवा दमट होते आणि वाफ उडणेच थांबते. गोणपाट ओले करून लावावयाचे तर वाऱ्याच्या बाजूला लावावे आणि समोरची बाजू मोकळी ठेवावी. उपाय पुरतो आहे की नाही हे कुशीकडे पाहून कळते. जनावर उभे असताना कूस मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. साठच्या वर गेली तर ताण आहे असे समजावे.

माजाबद्दल : उन्हाच्या ताणाने संप्रेरकांचे चक्र मंदावते आणि म्हशीत मुका माज वाढतो, म्हणजे बीजांड सुटते पण ओरडणे, अस्वस्थ होणे अशी लक्षणे दिसत नाहीत. जी दिसतात ती रात्री उशिरा आणि पहाटे. दिवसा गोठ्यात घातलेल्या फेरीपेक्षा पहाटे चारची एक फेरी जास्त सांगून जाते.

प्रश्न : आमच्या दुमजली इमारतीच्या गच्चीवर खडीत टिटवीने चार अंडी घातली आहेत. पक्षी टाकीखालच्या गळतीच्या पाण्यात बसतो, पोट भिजवतो आणि तसाच ओला अंड्यांवर येऊन बसतो. हा योगायोग आहे का? आम्ही वर छत्री बांधावी का? (एक वाचक, वाघोली)

उत्तर : आपण फार मोलाची गोष्ट टिपली आहे, आणि तो योगायोग नाही. टिटवी आणि तिच्या कुळातील इतर काही पक्षी कडक उन्हात पोटाची पिसे भिजवून अंड्यांवर येतात, हे पक्षी-अभ्यासकांनी नोंदवले आहे.

अंड्यातील गर्भाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. त्याची वाढ ३७-३८ अंशांच्या आसपास नीट होते. थोडा वेळ गारठा तो सोसतो, पण चाळिशीच्या वर दोन-तीन अंशही त्याला मारक ठरतात, आणि उन्हातली खडी त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणून टिटवीचे उबवणे दुपारी उलटे होते. सकाळी ती अंड्यांना ऊब देते, भर दुपारी ती त्यांना निववते. नीट पाहिल्यास ती अंड्यांवर पूर्ण न टेकता गुडघ्यात वाकून उभी राहते, पंख थोडे खाली सोडते आणि सावली धरते, हे आपल्याला दिसेल. भिजलेल्या पिसांतले पाणी उडताना अंड्यांभोवतीची उष्णता घेऊन जाते. हे काम नर-मादी दोघेही करतात, कारण दोघांपैकी एकालाच एवढे ऊन सोसणे कठीण असते.

छत्री बांधू नये. टिटवी मुद्दाम उघड्यावर अंडी घालते. चहूबाजूंनी येणारा शत्रू दिसणे आणि खडीत अंडी लपून जाणे हे तिचे संरक्षण आहे. डोक्यावर अचानक आलेले छप्पर तिला धोका वाटतो, आणि त्या भीतीने ती तासभर जरी दूर राहिली तरी अंडी शिजतील. याच कारणाने दुपारी गच्चीवर जाणेही टाळावे. कामे सकाळी लवकर उरकावीत. टाकीची गळती आत्ताच दुरुस्त करून घेतलीत तर तिची पाण्याची सोय जाईल, तेव्हा दुरुस्ती करावयाचीच असेल तर आधी घरट्यापासून आठ-दहा पावलांवर पसरट परात ठेवावी आणि पक्षी तिथे जाऊ लागल्याची खात्री करून घ्यावी. परातीत एका बाजूला खडीचा उतार करावा, नाहीतर पिल्ले आत पडून बुडतील.

अंडी साधारण चार आठवड्यांत फुटतात. पिल्ले लव घेऊनच जन्माला येतात, काही तासांत चालू लागतात आणि आईबापांनी भरवण्याची वाट न पाहता स्वतः किडे टिपतात. गच्चीवर किडे नसल्याने आईबाप त्यांना खाली बोलावतील आणि पिल्ले कठड्याकडे धाव घेतील. चारही पिल्ले सुकून चालू लागली की ती टोपलीत घालून, आईबाप पाहत असतील अशा रीतीने, लगतच्या मोकळ्या मैदानावर सोडावीत. आईबाप डोक्यावरून झेपावतील आणि ओरडतील. ते तसेच पिल्लांच्या मागोमाग खाली येतात. गच्चीच्या पन्हळीच्या तोंडांना आजच जाळी बसवून घ्यावी.