वाचकांचे प्रश्न : फाइल हलवताना लागणारी लॉक

प्रश्न : लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) एकाच डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) फाइलचे नाव बदलताना त्या डिरेक्टरीचे लॉक (इतरांना मध्येच बदल करू न देणारे कुलूप) पुरते, मग फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत नेताना संपूर्ण फाइलसिस्टिमचे म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) आधी का घ्यावे लागते?

उत्तर : दोन प्रोसेसनी (चालू प्रोग्रॅमनी) दोन डिरेक्टऱ्यांची लॉक उलटसुलट क्रमाने घेतली, तर दोन्ही एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकतील. म्हणून त्यांपैकी एक डिरेक्टरी दुसरीची पूर्वज असेल, म्हणजे दुसरी तिच्या पोटात कुठेतरी असेल, तर पूर्वजाचे लॉक आधी घ्यावे, असा नियम आहे. खरी मेख पुढेच आहे. हे नाते तपासले जात असतानाच तिसऱ्या प्रोसेसने मधली डिरेक्टरी उचलून भलतीकडे नेली, तर तपासणीच निरर्थक ठरते. आधीपासून असलेल्या डिरेक्टऱ्यांची वंशावळ सर्वसाधारणपणे अशा स्थलांतरानेच बदलते. त्यामुळे म्यूटेक्सखाली एका वेळी एकच स्थलांतर होऊ दिले की ती स्थिर राहते, आणि एखादी डिरेक्टरी स्वतःच्याच वंशजाच्या पोटात घालण्याचा प्रयत्नही खात्रीने नाकारता येतो. असे स्थलांतर तुलनेने विरळ असल्याने वेगातली ही घट माझ्या मते रास्त आहे. साध्या नाव-शोधाला (दिलेल्या नावाची फाइल हुडकण्याला) तर याची झळही लागत नाही. २०१६ मधील ४.७ आवृत्तीपासून एकाच डिरेक्टरीतील अनेक शोध समांतर चालू शकतात.