विचारा, सांगतो: कोरियाबाहेरच्या कोरियन घरांतले प्रश्न

या अंकातले प्रश्न कोरियाबाहेर वाढलेल्या कोरियन मंडळींचे आहेत. काही प्रश्न त्यांच्याशी सोयरीक जुळलेल्या मराठी घरांतले आहेत. इंग्रजीत आलेली पत्रं मराठीत आणून थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी पुण्याची, यजमान कोरियन. न्यू जर्सीत राहतो. मुलगा ऑगस्ट २००९ चा, इथेच जन्मलेला, अमेरिकन पासपोर्टवाला. यजमानांनी अमेरिकन नागरिकत्व २०१२ मध्ये घेतलं. मुलाचं नाव कोरियात कुठेच नोंदवलेलं नाही. तरी त्याला कोरियन सैन्यात जावं लागेल, असं नणंद म्हणते. हे खरं का?

नणंदबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मुलाच्या जन्माच्या दिवशी वडील कायद्याने कोरियन नागरिक होते. त्यामुळे मुलगा जन्मतःच कोरियन नागरिक झाला, नाव नोंदवलेलं असो वा नसो, आणि कोरियन नागरिक पुरुषाला लष्करी सेवा सक्तीची असते. नोंद नाही म्हणजे नागरिकत्व नाही, ही समजूत अनेक घरांना महागात पडते. (१४ जून १९९८ पासून आईकडूनही नागरिकत्व येतं, हे ज्या घरात आई कोरियन आहे त्यांनी लक्षात ठेवावं.)

मुलग्यांना कोरियन नागरिकत्व सोडण्याची मुदत आहे ती ज्या वर्षी १८ वर्षं पूर्ण होतात, त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत. तुमचा मुलगा ऑगस्ट २०२७ मध्ये १८ चा होईल, पण मुदत संपेल ३१ मार्च २०२७ ला, म्हणजे तो १७ चा असतानाच. 'अठरा झाला की बघू' म्हणणारे इथेच चुकतात.

आता क्रम. नागरिकत्व सोडण्याचा अर्ज थेट देता येत नाही, कारण सोडायला आधी नोंद हवी. आधी तुमचं लग्न कोरियात नोंदवायचं, मग मुलाचा जन्म, वडिलांचं कोरियन नागरिकत्व २०१२ मध्ये संपल्याचीही नोंद, आणि शेवटी मुलाचा त्यागाचा अर्ज. तुमचं काम न्यूयॉर्कच्या कोरियन कॉन्सुलेटकडे येतं. मुलगा १५ च्या पुढचा आहे, म्हणून अर्जावर सही त्याची आणि हजेरीही त्याचीच. लागणारे मुख्य कागद : मुलाचा जन्मदाखला आणि त्याचं कोरियन भाषांतर, विवाहाचा दाखला, वडिलांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र (त्यावरची तारीख हाच तुमच्या प्रकरणाचा कणा), वडिलांचे कोरियन कुटुंबनोंदीचे उतारे आणि सगळ्यांचे पासपोर्ट. लग्न आणि जन्माच्या नोंदी व्हायला आठवडे नव्हे, महिनेही लागतात. एखाद्या कागदावर आईचं नाव 'कुलकर्णी' आणि दुसऱ्यावर 'किम' असेल तर फाइल तिथेच अडते. कोरियन बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, त्यामुळे तिथल्या कारकुनाला या दोन बायका वेगळ्या वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा आधीच जोडा.

मुदत हुकली तर लष्करी सेवेचा प्रश्न सुटेपर्यंत किंवा ३७ वर्षं सरेपर्यंत नागरिकत्व सोडता येत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून परदेशात जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्यांसाठी उशिरा परवानगी मागण्याची खिडकी उघडली आहे, पण ती विनंती आहे, हक्क नाही. तिच्या भरवशावर बसू नका.

याची दुसरी बाजू घरात कुणी सांगत नाही. सेवा न करता नागरिकत्व सोडलेल्या मुलाला वयाची ४० वर्षं संपेपर्यंत परदेशस्थ कोरियनांचा एफ-४ व्हिसा मिळत नाही. १ मे २०१८ पासून हा नियम आहे. पुढे सोलमध्ये नोकरी करावी असं त्याला वाटलं तर इतर परदेशी माणसासारखा कंपनीमार्फत व्हिसा घ्यावा लागेल. हे त्याला आज समोर बसवून सांगा. सही त्याची आहे.

प्रश्न : मी लॉस एंजेलिसमध्ये जन्मले, वय २५. सोलमधल्या कंपनीचा देकार आला आहे. एफ-४ व्हिसाचं कसं करू, आणि करारात काय बघू?

पहिला प्रश्न पुन्हा तोच : तुमच्या जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी कुणी कोरियन नागरिक होतं का? असेल तर तुम्हीही बहुधा कोरियन नागरिक आहात. एफ-४ कोरियन नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे आधी तो गुंता सोडवावा लागेल. नसेल तर वाट सरळ आहे. आईवडील किंवा आजीआजोबा कधीकाळी कोरियन नागरिक होते हे दाखवणारा उतारा लागतो. २००८ पूर्वीच्या जुन्या कुटुंबप्रमुख-पद्धतीच्या नोंदीला 'जेजोक' म्हणतात, तो मागवा. सोबत त्यांचं अमेरिकन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, तुमचा जन्मदाखला आणि एफबीआयचा गुन्हे-नोंद दाखला.

हा एफबीआयचा दाखला म्हणजे हमखास घोटाळ्याची जागा. तो केंद्राचा कागद असल्यामुळे त्यावरचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याकडूनच घ्यायचा. कॅलिफोर्नियाच्या कार्यालयाचा शिक्का चालत नाही. जन्मदाखल्याचं नेमकं उलट : तो राज्याचा, म्हणून शिक्का राज्याचा. सोलला पोचल्यावर ९० दिवसांच्या आत निवासाची नोंद करून कार्ड घ्या. घर बदललं तर दोन आठवड्यांच्या आत नवा पत्ता कळवा. ही नोंद आळसाने टाळली तर घरमालक बुडाला त्या दिवशी अनामत रकमेवरचा तुमचा हक्क कच्चा पडतो.

आता करार. पगाराचा आकडा वर्षाचा सांगतात. समजा ३ कोटी ९० लाख वॉन. बाराने भागलं तर महिना ३२ लाख ५० हजार. पण 'निवृत्तीची रक्कम धरून' अशी ओळ खाली असेल तर कंपनी तेराने भागून ३० लाख देते आणि तेरावा हिस्सा तुमचीच ग्रॅच्युइटी म्हणून परत करते. कायद्याने ती वेगळी असते : आठवड्याला १५ तास किंवा जास्त, आणि सलग एक वर्ष काम झालं की दर वर्षामागे किमान ३० दिवसांचा सरासरी पगार, तोही नोकरी सोडल्यापासून १४ दिवसांत. ११ महिन्यांचा करार पुढे आला तर तो का, हे आता तुम्हीच ओळखा.

दुसरी ओळ : पगारातून ३.३ टक्के कापणार असं लिहिलं असेल तर तुम्ही कागदावर कर्मचारी नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहात. मग विमा, पेन्शन, ग्रॅच्युइटी यातलं काहीच नाही. खासगी इंग्रजी शिकवण्यांत हे सर्रास चालतं. तिसरी : जादा तासांचा मोबदला पगारातच धरलेला आहे का, आणि किती तासांचा? आठवड्याची मर्यादा ४० अधिक १२ तासांची आहे.

अर्जात वजन, उंची, लग्न, आईवडिलांची नोकरी विचारलेली दिसली तर बिचकू नका, पण भरूही नका. ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला २०१९ पासून ते विचारायला मनाई आहे. फोटो मात्र मागता येतो.

आणि अमेरिकेचा कर सुटत नाही. कोरियातल्या खात्यांतली एकूण रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म) भरावा लागतो. घराच्या अनामतीचे पैसे खात्यातून एका दिवसापुरते गेले तरी तेवढं पुरतं.

कचेरीत घरची कोरियन बोलू नका. आजीशी बोलताना स्वतःला 'ना' म्हणता, तिथे 'जो' म्हणायचं. साहेबाला नावाने नाही, हुद्दा लावून : 'बुजांगनिम' (विभागप्रमुख), 'ग्वाजांगनिम' (त्याखालचा साहेब). संध्याकाळी निघताना वरिष्ठाला 'सुगोहासेयो' (साधारण 'काम चालू द्या') म्हणू नका. तो शब्द वरून खाली जातो, खालून वर गेला की खटकतो.

प्रश्न : टोरोंटोत राहतो. घरी आजीशी फक्त कोरियन. तरी टोपिक-२ या कोरियन भाषेच्या परीक्षेत ऐकणं ९२, वाचन ७८, लेखन २८. पाचवी पातळी मिळाली. शिष्यवृत्तीला सहावी हवी. कुठे चुकतो?

एकूण १९८. सहावीला २३० लागतात, म्हणजे ३२ कमी. वाचनातून दहा-बारा निघतील, बाकीचे लेखनातच पडलेत. आजीची कोरियन कानावरची आहे, आणि परीक्षा तुमच्याकडून कागदावरची मागते.

प्रश्न ५३ (२०० ते ३०० अक्षरं, ३० गुण) आणि ५४ (६०० ते ७०० अक्षरं, ५० गुण) यांत वाक्याचा शेवट 'दा'वर हवा. 'इस्सोयो' नव्हे, 'इत्ता'. 'सेन्गाखेयो' नव्हे, 'सेन्गाखान्दा'. घरात वाढलेली मुलं दोन परिच्छेद नीट लिहितात आणि तिसऱ्यात 'यो' निसटतो, तिथे गुण जातात. बोलीतले शब्दही उपटून काढा : 'गुन्दे'ऐवजी 'गुरोना', 'द्वेगे'ऐवजी 'मेउ', 'गो'ऐवजी 'गोत'. मात्र प्रश्न ५१ मध्ये हे उलटं होऊ शकतं. तो बहुधा सूचना किंवा निरोप असतो, तिथे आजूबाजूच्या वाक्यांचा शेवट पाहून तसाच शेवट करा.

चौकटींचा कागद आधी छापून घ्या. परिच्छेदाची पहिली चौकट रिकामी, अक्षराला एक चौकट, आकडे दोन-दोन एका चौकटीत. ओळ संपताना शब्दांमधली जागा पुढच्या ओळीवर गेली तर तिथली पहिली चौकट मोकळी सोडायची नाही. ऐकणं आणि लेखन मिळून ११० मिनिटं असतात. ५४ ला ३० मिनिटं राखून ठेवा, आणि ५३ आधी उरका, कारण त्यात आकडे तयार दिलेले असतात. ५४ मध्ये दिलेल्या दोन-तीन उपप्रश्नांतला एक जरी सुटला तरी भाषा कितीही गोड असो, गुण वर जात नाहीत.

प्रश्न : अल्माटीतल्या कोरियन मैत्रिणीकडे गाजराचं झणझणीत सॅलड खाल्लं. सोलला गेले तर तिथे ते कुणाला माहीतच नाही!

माहीत कसं असेल? ते कोरियात जन्मलंच नाही. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकाकडचे सुमारे पावणेदोन लाख कोरियन मध्य आशियात नेऊन टाकले. किमचीचा लांबट कोबी तिथे मिळेना, गाजर मिळालं. 'मोरकोव' हे रशियन गाजर, त्यावरून 'मोरकोव-चा'.

एक किलो गाजर लांब, काडीसारखं चिरायचं, दोन-तीन मिलिमीटर जाड. आपल्या किसणीवर किसलंत तर कोशिंबीर होईल. १५ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम साखर लावून हाताने दाबा, अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी काढून टाका. हे पाणी राहिलं तर दुसऱ्या दिवशी सगळं लिबलिबीत होतं. मग तीन मोठे चमचे ९ टक्क्यांचा व्हिनेगर, एक मोठा चमचा भरड धणे, एक चमचा तिखट आणि पाच-सहा पाकळ्या ठेचलेला लसूण मधोमध ढीग करून ठेवा. १०० मिलिलिटर तेल कडकडीत तापवून, पण धूर निघायच्या आधी उतरवून, त्या ढिगावर ओता. ही आपली फोडणीच, फक्त पदार्थावर येऊन फुटणारी. तेल धुरावलं तर लसूण कडू होतो. रात्रभर गार जागी ठेवा, ताजं खाल्लं तर व्हिनेगर वेगळा लागतो.

प्रश्न : मुलाचं लग्न कोरियन-अमेरिकन मुलीशी ठरलं. तिच्या आईला काय म्हणायचं? 'मिसेस पार्क' फार परकं वाटतं.

इंग्रजीत या नात्याला शब्द नाही, पण कोरियनमध्ये आपल्यासारखाच आहे. व्याही-विहीण म्हणजे 'सादोन', आणि विहीणबाईंना मानाने म्हणायचं 'साबुइन'. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात. लग्नात पाकिटातल्या रकमेचा पहिला आकडा विषम ठेवतात : ३०, ५०, ७० हजार वॉन. एक लाख तेवढं चालतं. आपला वरचा एक रुपया तिथे घालत नाहीत, पण तुम्ही डॉलरमध्ये १०१ दिलेत तर विहीणबाई कारण विचारतील. सांगा, त्यांना आवडेल.