ट्रॅक्टर दोन टनाचा, क्रेन 14 टनाची, तरी बूम वाकला कसा?

प्रश्न: सर नमस्कार, मी वणी तालुक्यातला. मागच्या वर्षी फायनान्सवर जुनी 14 टनाची हायड्रा (चालती क्रेन) घेतली. परवा विहिरीत पडलेला ट्रॅक्टर काढून राह्यलो होतो, बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, पूर्ण बाहेर होता, ट्रॅक्टर पाण्याच्या वर आला अन् कटकन आवाज झाला. मधल्या सेक्शनची (एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांतल्या मधल्याची) खालची प्लेट चेपून फुगली, बूम आत जातच नाही. गावातला वेल्डर म्हणते गॅसनं लाल करून सरळ करतो, वरून पट्टी मारतो, दोन दिवसाचं काम. ट्रॅक्टर तर दोनच टनाचा, मग असं झालं कसं? वेल्डरचं ऐकू का? हप्ता काही थांबत नाही.

उत्तर: भाऊ, त्या बूमला गॅस लावू देऊ नका. बाकीचं नंतर.

बूमचं पोलाद बहुतेक साधं माइल्ड स्टील नसते. लोहार विळ्याला पाणी देते नं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करते, तसं या जास्त ताकदीच्या पोलादाला कारखान्यातच पाणी दिलेलं असते. तोच विळा चुलीत लाल करून काढला तर मग घासली तरी धार टिकत नाही. तसंच बूमचं. दिसायला सरळ होईल, रंग मारला की नवाच वाटेल, पण त्या हातभर जागेतली ताकद गेलेली राहील अन् बाहेरून ते कोणालाच दिसणार नाही, खाली दोर बांधणाऱ्या पोराला तर नाहीच. पट्टीच्या टोकाशीच पुढं क्रॅक सुरू होते, शिवाय तो सेक्शन आतबाहेर सरकतो, तो ज्या पॅडवर सरकतो तिथं फट मोजकीच असते, पट्टी तिथंच अडकणार.

आता वाकला कसा ते. 14 टन हा आकडा बूम आत अन् लोड मशीनच्या अगदी जवळ असतानाचा. विहिरीच्या काठची काळी माती खचते म्हणून तुम्ही मशीन मागं ठेवली असेल अन् बूम लांब काढला असेल, बरोबर? बूम जितका लांब अन् आडवा तितकी क्षमता घटत जाते, पार थोड्या टनांवर येते. ट्रॅक्टर पाण्यात होता तोवर पाणी त्याचं काही वजन उचलून धरत होतं, वर आल्याबरोबर सगळं वजन, वरून चिखल, एकदम बूमवर आलं. लोड लटकला की बूमची वरची प्लेट ताणली जाते अन् खालची दाबली जाते, म्हणून खालचीच चेपली.

सेक्शन बदलणे हाच उपाय. मशीनचा सिरियल नंबर घेऊन कंपनीकडं विचारा. जुन्या मशीनचा चालेल, पण मॉडेल तेच पाह्यजे, अन् घ्यायच्या आधी वेल्डजवळचा रंग खरडून रॉकेल लावा, पुसा, वरून खडू घासा, चीर असली तर रॉकेल झिरपून रेघ उमटते. ही आपली घरगुती तपासणी, नंतर डाय टेस्ट (रंगीत द्रव लावून चीर शोधायची तपासणी) करूनच घ्या. बूमची पिन, बुश, सिलिंडरचा रॉड, दोर अन् हूकसुद्धा पाहा, झटका सगळ्यांनीच खाल्ला आहे.

जोडल्यावर मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून टेस्ट करून घ्या. बांधकाम कामगारांच्या 1998 च्या केंद्रीय नियमात 20 टनापर्यंतच्या क्रेनला 25 टक्के जास्त लोड देऊन तपासायला सांगितलं आहे, अन् ताकदीवर परिणाम होईल अशा दुरुस्तीनंतर ती टेस्ट झाल्याशिवाय कामाला लावायची नाही.

हप्त्यासाठी फायनान्सवाल्याशी अन् इन्शुरन्सवाल्याशी आजच बोला. फोटो काढून ठेवा, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एक बोल्टही खोलू नका.